येमेनचे अख्दाम : क्रांतीनंतर उरलेली उतरंड

आमच्या महाविद्यालयात दर शनिवारी दुपारी एक अभ्यासमंडळ भरते. पंधरा-वीस मुले-मुली येतात, कधी पाचच. बाबासाहेबांच्या 'पाकिस्तान' या ग्रंथातील मुसलमान समाजाविषयीचे प्रकरण आम्ही वाचत होतो. १९०१ सालच्या बंगालच्या जनगणना अहवालाचा आधार घेऊन बाबासाहेबांनी तेथे अश्रफ, अजलफ आणि अर्झल हे थर दाखवून दिले आहेत. वाचन संपल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे हिंदुस्थानातले झाले. इथल्या मुसलमानांनी जात इथूनच उचलली असे म्हणता येईल. पण जिथे मनुस्मृती कोणी ऐकलीही नाही, खुद्द अरबस्तानात, तिथे झाडूवाल्याची जात असते का?"

मी त्या दिवशी अर्धेमुर्धे उत्तर दिले आणि वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. धर्म बदलला की माणसाची पायरी बदलते का, राजवट उलथली की बदलते का, जमीन वाटली की बदलते का, हे प्रश्न आपल्या चळवळीने वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या तोंडांनी विचारले आहेत. अरब जगात एक देश असा आहे की जिथे हे तिन्ही प्रयोग एकाच समाजावर झाले. तो देश येमेन. तेथील अख्दाम या समाजाविषयी जे वाचले ते येथे मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही माहिती हाती येताच "बघा, त्यांच्यातही आहे" असे म्हणून हात झटकणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्यांना मुसलमानांना हिणवायचे असते आणि स्वतःच्या घरातली अस्पृश्यता झाकायची असते त्यांच्यासाठी हा लेख नाही.

येमेनचा उत्तरेकडील डोंगराळ भाग हा एक हजार वर्षांहून अधिक काळ झैदी इमामांच्या सत्तेखाली कमीअधिक प्रमाणात राहिला. पहिला इमाम इ. स. ८९७ मध्ये तेथे आला. इमाम होण्यासाठी विद्वत्ता लागे, शौर्य लागे, पण त्याआधी जन्म लागे. तो पैगंबरांची कन्या फातिमा आणि अली यांच्या वंशातला, म्हणजे सय्यद असलाच पाहिजे. उतरंडीच्या माथ्यावर सय्यद. त्यांच्या खाली काझी, म्हणजे लिहिणारे-वाचणारे, न्यायदान आणि दफ्तर सांभाळणारे घराणे. त्यांच्या खाली कबिली, म्हणजे टोळीवाले शेतकरी. जमीन आणि हत्यार यांचा अभिमान कबिल्याचा. त्याच्या कमरेला पोटाच्या मध्यभागी उभा खंजीर असे. सय्यद आणि काझी यांचा खंजीर वेगळ्या घाटाचा आणि कडेला खोवलेला. रस्त्याने येणाऱ्या माणसाच्या कमरेकडे पाहिले की त्याला सलाम कसा करायचा ते कळे. आपल्याकडे धोतराच्या काष्ट्यावरून आणि पागोट्याच्या बांधणीवरून कळत असे, तसेच.

कबिल्यांच्या खाली मुझय्यिन. न्हावी, खाटीक, सुंता करणारा, हमामखान्यातला नोकर, लग्नात ढोल वाजवणारा, हे सगळे या थरात. भाजीपाला पिकवणारा सुद्धा खालचा. सना शहरात मशिदींना लागून मळे होते. नमाजापूर्वी हातपाय धुतलेले पाणी त्या मळ्यांत सोडत आणि त्यावर मुळे-कांदे पिकवणारा माळी हलका मानला जाई. धान्य पिकवणारा कबिली मानाचा आणि मुळा पिकवणारा हलका! श्रमाची प्रतवारी कशावर ठरते याचा शोध घेऊ लागलो की शेवटी हाती तर्क लागत नाही, फक्त सत्ता लागते. गावोगाव या मुझय्यिनांना सुगीच्या वेळी धान्याचा वाटा मिळे आणि त्या बदल्यात त्यांनी वर्षभर गावाची कामे करायची. बलुत्याचे वर्णन ज्याने घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे त्याला याहून अधिक समजावून सांगावे लागत नाही.

मुझय्यिन हे या उतरंडीचे शेवटचे मडके नव्हे. त्याच्याही खाली, आणि खरे म्हणजे उतरंडीच्या बाहेर, अख्दाम.

अख्दाम हे खादिम या शब्दाचे अनेकवचन. खादिम म्हणजे सेवक. आपल्या मराठीत खिदमत हा शब्द आला तो याच धातूतून. हे लोक अरबी बोलतात, मुसलमान आहेत, बहुतेक सुन्नी आहेत. वर्णाने काळे. तिहामा या तांबड्या समुद्राच्या काठच्या उष्ण पट्टीत आणि ताइझ, होदैदा, एडन, सना या शहरांच्या कडेला त्यांच्या वस्त्या. अशा वस्तीला महवा म्हणतात. पत्रे, पुठ्ठे, फाटकी कापडे आणि मातीची घरे, नाल्याच्या काठाला किंवा उकिरड्याच्या शेजारी. धंदे ठरलेले : रस्ते झाडणे, मैला आणि कचरा उचलणे, जोडे शिवणे, डबे-बाटल्या गोळा करणे, बायकांनी भीक मागणे. त्यांची संख्या किती यावर एकमत नाही. पाच लाखांपासून पस्तीस लाखांपर्यंत अंदाज छापलेले आढळतात. ज्यांची मोजदादही नीट करावीशी वाटली नाही त्यांच्या बाबतीत असेच होते.

ते आले कोठून? सांगणारे सांगतात की इ. स. च्या सहाव्या शतकात हबशी राजाच्या ज्या सैन्याने येमेन जिंकला होता त्या सैन्यातील मागे राहिलेल्यांचे हे वंशज. दुसरी कथा सांगते की अकराव्या-बाराव्या शतकांत झबीद येथे हबशी गुलामांतून वर आलेल्या नजाही घराण्याची सत्ता होती, ती बुडाली आणि तिच्या माणसांवर सूड म्हणून हे जिणे लादले गेले. या कथांना पुराव्याचा भक्कम आधार नाही. पण कथेचे काम पुरावा देणे हे नसतेच. "तुमच्या पूर्वजांनी काहीतरी केले होते म्हणून तुम्ही असे आहात" हे सांगणे हे तिचे काम असते. आपल्याकडे हेच काम पूर्वजन्माच्या पापाने केले. तेथे पूर्वजन्म नाही, म्हणून पूर्वजांचा पराभव पुढे केला गेला. एक फरक मात्र मोलाचा आहे. पराभूत सैन्याचा वंशज हा निदान परका शत्रू तरी असतो. आपल्याला तेवढाही मान मिळाला नाही.

येमेनमध्ये एक म्हण सर्रास सांगितली जाते. तिचा आशय असा की भांड्याला कुत्र्याने तोंड लावले तर ते धुवावे, खादिमाने लावले तर फोडावे. ही म्हण प्रथम वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. चहाच्या टपरीवर वेगळी ठेवलेली कपबशी माझ्या वडिलांनी पाहिलेली आहे.

येथे कोणी म्हणेल, हा रंगभेद आहे, जात नव्हे. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण तिहामाचे इतर रहिवासीही सावळे-काळे आहेत आणि ते अख्दाम नाहीत. त्याहून बोलकी गोष्ट गुलामांची. येमेनमध्ये आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते, मोठ्या घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या राबत. हे गुलाम आणि त्यांचे वंशज अख्दामांपेक्षा वरचे मानले जात. गुलाम हा धन्याच्या घरात वावरे, त्याच्या ताटातले खाई, त्याच्या नावाने ओळखला जाई. खादिमाला धनी नाही, टोळी नाही, म्हणून त्याच्या खुनाचा सूड घेणारे कोणी नाही. टोळीच्या समाजात ज्याच्या मागे टोळी नाही त्याच्यावर हात उगारण्याची किंमत शून्य असते. अर्थात काळा रंग हे त्याच्या अंगावरचे न पुसणारे चिन्ह ठरले हे खरेच. मुझय्यिनाचा मुलगा दूरच्या शहरात जाऊन आपली ओळख लपवू शकतो. खादिमाच्या मुलाला ती सोय नाही.

फरकही नोंदवले पाहिजेत. कुराणात या उतरंडीला आधार नाही, उलट विरोध आहे. मशिदीचे दार धर्माने त्यांना बंद केलेले नाही. पुरोहितवर्गाने रचलेले शुद्धाशुद्धीचे शास्त्र तेथे नाही. असे असूनही एकत्र जेवण नाही, सोयरीक नाही, शेजार नाही. म्हणजे शास्त्र नसतानाही अस्पृश्यता उभी राहू शकते. शास्त्र असले म्हणजे ती अधिक निर्लज्जपणे उभी राहते, एवढेच.

तरीही फिक्‌ह, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी रचलेला कायदा, पूर्णपणे निर्दोष होता असे म्हणता येणार नाही. त्यात कफाआ नावाची एक कल्पना आहे. तिचा अर्थ, विवाहात वधूवर तोलामोलाचे असावेत. तोल कशाचा? काही शास्त्रज्ञ म्हणाले धर्मनिष्ठेचा, काही म्हणाले वंशाचा आणि धंद्याचाही. या फटीतून सगळी उतरंड आत आली. सय्यदाच्या मुलीला, तिला शरीफा म्हणत, सय्यदाखेरीज कोणाशीही लग्न करता येत नसे. सय्यद पुरुष मात्र खालच्या घरातली मुलगी करू शके. अनुलोम-प्रतिलोम हे शब्द त्यांना ठाऊक नव्हते, पद्धत ठाऊक होती.

या मुद्द्यावर जी लढाई झाली ती येमेनात नव्हे, समुद्रापार जावा बेटावर झाली, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारच थोडे बोलले जाते. दक्षिण येमेनातील हद्रमौत या खोऱ्यातून शेकडो वर्षे लोक पोटासाठी बाहेर पडत आले : जावा, सिंगापूर, पूर्व आफ्रिका आणि हैदराबाद. निझामाच्या अरब पलटणींतले शिपाई बहुतेक तिकडचेच. मराठवाड्यातील गावागावांत जे चाऊस राहतात, ते याच लोकांचे वंशज. चाऊस हा मूळ तुर्की फौजेतला हुद्दा. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्यांतील अनेकांना छावण्यांत डांबले गेले, कित्येकांना परत धाडले गेले. जे राहिले ते इथलेच झाले. मी ज्या गल्लीत भाड्याने राहतो तेथे एका चाऊस काकांचे सायकलचे दुकान आहे. त्यांना मी सय्यदांविषयी विचारले तर म्हणाले, "मास्तर, आमच्या आजोबाच्या टायमाला सय्यद दिसला की हात चुंबायचा. न चुंबणारा वाढीव समजायचे." जोहार घालत उभ्या राहिलेल्या आपल्या आज्यांची मला आठवण झाली.

१९०५ साली सिंगापुरात एका हिंदी मुसलमानाने सय्यद घराण्यातील मुलीशी विवाह केला. प्रश्न कैरोच्या 'अल्-मनार' या नियतकालिकाकडे गेला. संपादक रशीद रिदा यांनी असा विवाह ग्राह्य ठरवला. सिंगापूरच्या एका सय्यद विद्वानाने लगोलग उलट फतवा काढला. ठिणगी पडली ती विझली नाही. १९११ मध्ये जावातील हद्रमींनी आपल्या शाळांसाठी एक शिक्षक मागवला. त्यांचे नाव अहमद सुरकाती, मूळचे सुदानचे. १९१३ साली सोलो या गावी चार माणसे बसली असता विषय निघाला की एक शरीफा गरिबीपायी एका चिनी माणसाबरोबर लग्नाविना राहत आहे. सुरकाती म्हणाले, वर्गणी काढा आणि तिला सोडवा, नाहीतर तिचे एखाद्या मुसलमानाशी लग्न लावून द्या. कोणी म्हणाले, सय्यदाखेरीज कसे चालेल? सुरकातींनी शास्त्राच्या आधाराने उत्तर दिले की चालते.

एवढ्या एका वाक्याने भूकंप झाला. सय्यदांना ती बाई लग्नाविना राहिलेली चालत होती, खालच्या घरात सन्मानाने नांदलेली चालत नव्हती. सुरकातींना नोकरी सोडावी लागली. १९१४ मध्ये सय्यदेतर हद्रमी व्यापाऱ्यांनी त्यांना हाताशी धरून बटाव्हियात अल्-इर्शाद ही संस्था काढली. शाळा निघाल्या, हात चुंबणे बंद करा असा प्रचार सुरू झाला. १९२८ मध्ये सय्यदांनी स्वतःची संघटना काढली आणि वंशावळीच्या नोंदी व्यवस्थित ठेवण्याचे काम हाती घेतले. पुढे तर इर्शादवाल्यांनी 'सय्यद' हा शब्दच मागितला : आजच्या अरबीत सय्यद म्हणजे नुसते श्रीयुत, तेव्हा प्रत्येकाच्या नावामागे तो लागला पाहिजे. सय्यदांचा जीव कासावीस झाला. पदवी सर्वांना मिळाली की ती पदवी राहत नाही हे त्यांना बरोबर कळले होते.

या चळवळीविषयी मला आदर आहे. पण तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही श्रीमंत झालेल्या मधल्या थराची चळवळ होती. आपल्या वर असलेल्याने आपल्याला वाकवू नये, एवढी तिची मागणी होती. आपल्या खाली कोणी का असावे, हा प्रश्न तिने फारसा विचारला नाही. ब्राह्मणेतर चळवळीचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला हे वळण ओळखीचे वाटेल.

आता १९६२ कडे येतो. १९ सप्टेंबरला इमाम अहमद वारला. एका आठवड्यात, २६ सप्टेंबरला, लष्करी अधिकाऱ्यांनी नव्या इमामाच्या वाड्यावर तोफा डागल्या आणि प्रजासत्ताक जाहीर केले. पहिला राष्ट्राध्यक्ष झाला अब्दुल्ला अस्-सल्लाल. हा लोहाराच्या घरचा मुलगा, १९३० च्या दशकात इराकमध्ये लष्करी शिक्षण घेऊन आलेला. क्रांतीची सहा उद्दिष्टे जाहीर झाली. पहिल्याच उद्दिष्टात जुलमी सत्तेचा अंत आणि वर्गावर्गांमधील भेद व विशेषाधिकार नष्ट करणे हे होते. गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच वर्षी शेजारच्या सौदी राजवटीनेही गुलामगिरी बंद केली, यात येमेनच्या धक्क्याचा वाटा नव्हता असे म्हणणे कठीण आहे. लोहाराचा पोर हजार वर्षांच्या इमामांच्या जागी बसला, ही घटना लहान नव्हे.

मग यादवी पेटली. इमामाच्या पाठीशी सौदी पैसा, प्रजासत्ताकाच्या पाठीशी नासेरचे इजिप्त. इजिप्तचे सत्तर हजारांपर्यंत सैनिक तेथे होते. १९६७ च्या नोव्हेंबरात अस्-सल्लालला खाली खेचण्यात आले आणि त्याच्या जागी अल्-इर्यानी आले. ते काझी घराण्यातले. १९७४ मध्ये अल्-हमदी आले, तेही काझी घराण्यातले. १९७८ पासून तेहतीस वर्षे अली अब्दुल्ला सालेह, टोळीवाले. हा क्रम एका ओळीत वाचावा म्हणजे क्रांतीचे गणित कळते. माथ्यावरचा थर काढला गेला, त्याच्या खालचे दोन थर एकेक पायरी वर सरकले. तळ होता तेथेच राहिला.

सत्तरच्या दशकात तेलाच्या पैशाने थोडी हालचाल केली. लाखो येमेनी मजुरीसाठी सौदी अरेबियात गेले. न्हाव्याचा मुलगा तिकडून पैसे आणून दुकान टाकू लागला, कबिली स्वतः हॉटेल काढू लागला. मुझय्यिनांची बंधने सैल झाली ती बऱ्याच अंशी या पैशाने. १९९० च्या कुवेत प्रकरणात सौदीने आठ लाखांच्या आसपास येमेनींना परत पाठवले आणि त्यांतील ज्यांना गावी जमीन नव्हती ते होदैदाच्या झोपड्यांत येऊन पडले. पैशाने आलेली मोकळीक पैशाबरोबर जाते.

दक्षिणेचा प्रयोग अधिक धाडसी होता. एडन १८३९ पासून ब्रिटिशांच्या ताब्यात होते आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार आपल्या मुंबई प्रांतातून चाले. ३० नोव्हेंबर १९६७ ला ते स्वतंत्र झाले आणि थोड्याच काळात तेथे अरब जगातील एकमेव मार्क्सवादी राज्य उभे राहिले. १९७० च्या कायद्याने बागायत जमिनीची मर्यादा माणशी २० फेद्दान ठरली. १९७४ च्या कुटुंब कायद्याने बहुपत्नीत्वावर कडक निर्बंध घातले, मुलींचे लग्नाचे वय १६ केले, मेहेरची रक्कम १०० दिनारांपुरती मर्यादित केली. टोळीची आडनावे लावू नयेत असे धोरण होते, माणसाने आपले, बापाचे आणि आज्याचे नाव सांगावे. आपल्याकडचे जे मित्र "आधी वर्ग, मग जात आपोआप जाईल" असे म्हणतात त्यांनी हा प्रयोग बारकाईने पाहावा. मी त्याची टिंगल करत नाही. अरब जगात सय्यदांचा आणि जमीनदारांचा माज इतक्या थेट कोणी उतरवला नव्हता. पण १३ जानेवारी १९८६ रोजी त्याच पक्षातले दोन गट एकमेकांवर तुटून पडले. दोन आठवड्यांत हजारो माणसे मेली. मारणारे समोरच्याचे ओळखपत्र बघत होते, जन्म कोणत्या जिल्ह्यातला ते. पुसलेले आडनाव बंदुकीच्या नळीसमोर पुन्हा वाचले गेले.

१९९० मध्ये दोन्ही येमेन एक झाले. १९९२ च्या व्यक्तिगत कायद्यात कफाआचे कलम आहे, पण त्यात तोल धर्माचा आणि शीलाचा धरला आहे, वंशाचा नाही. कागदावर सुरकाती जिंकले. महवात राहणाऱ्या मुलीला मागणी घालायला कबिल्याच्या घरून कोणी गेले नाही.

झाडूवाल्यांच्या नोकरीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मला हा भाग सर्वांत जवळून कळतो. येमेनच्या शहरांतील रस्ते अख्दाम झाडतात. सरकारी नोकराला सहा महिन्यांनंतर कराराने पक्के करावे असा तेथे नियम. झाडूवाल्यांना वीस-वीस वर्षे काम करूनही असा करार मिळत नसे. रजा नाही, निवृत्तिवेतन नाही, मुकादमाच्या मर्जीवर रोजी. माझे वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. अकरा वर्षे रोजंदारीवर. कायम होण्याइतके दिवस भरू नयेत म्हणून मध्येच 'ब्रेक' देत. त्या दिवसांत आमच्या घरी चूल दोनदा पेटत नसे. मी बी. ए. ला असताना ते कायम झाले आणि त्याच पगारावर मी एम. ए. केले. त्यांच्या बाजूने राखीव जागा होत्या, कायदा होता, संघटना होती आणि बाबासाहेब होते. अख्दामांच्या बाजूला यांतले काय होते, हे मी शोधत गेलो.

संघटना उभी राहिली, पण उशिरा. तिच्या नेत्यांपैकी नुमान अल्-हुझैफी हे नाव पुढे आले. अख्दाम हा शब्द टाकून त्यांनी मुहम्मशीन हा शब्द धरला. त्याचा अर्थ, कडेला लोटले गेलेले, पानाच्या मजकुरातून समासात ढकललेले. हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. 'सेवक' हे नाव सांगते की तुम्ही काय आहात. 'लोटलेले' हे नाव विचारते की लोटले कोणी. दलित या शब्दातही हाच कर्ता दडलेला आहे.

२०११ साली सालेहविरोधी उठाव झाला तेव्हा हे लोकही चौकात उतरले. २०१३ मध्ये राष्ट्रीय संवाद परिषद भरली. तिचे सदस्य ५६५. त्यांत मुहम्मशीनांचा प्रतिनिधी एकच, अल्-हुझैफी. गोलमेज परिषदेत बाबासाहेब निदान रावबहादुर श्रीनिवासन यांच्या सोबतीने दोघे तरी होते. तरी त्या एका खुर्चीतून सरकारी नोकऱ्यांत दहा टक्के जागांची शिफारस कागदावर आली. २०१४ च्या जानेवारीत परिषद संपली. सप्टेंबरात हूथींनी सना घेतले. मार्च २०१५ मध्ये सौदी आघाडीचे बाँबहल्ले सुरू झाले. शिफारस कोठे राहिली हे सांगायला नको.

युद्धाआधी युनिसेफने ताइझमधील मुहम्मशीनांची पाहणी केली होती. पंधरा वर्षांवरील दर पाच माणसांत एकच वाचू-लिहू शकत होता. जन्मनोंद झालेली मुले शेकडा ९. जन्माची नोंद नाही म्हणून शाळेचा दाखला कठीण, ओळखपत्र कठीण. युद्धात घर गेले की मदतीच्या यादीत नाव चढणेही कठीण. इतर लोक उठले ते गावी, नातलगांकडे, शाळांच्या इमारतींत गेले. मुहम्मशीन मोकळ्या माळावर आणि पुलाखाली राहिले. ज्या शाळांत निर्वासितांना जागा दिली होती तेथे यांना घेऊ नये म्हणून इतर निर्वासितांनीच हरकत घेतल्याचे प्रकार घडले. स्वतः बेघर झालेल्या माणसालाही आपली पायरी विसरता येत नाही.

हूथींचे नेतृत्व सय्यद घराण्याचे आहे. २०२० मध्ये त्यांनी जकातीच्या कायद्याखाली नियम काढून खनिजे, मासळी अशा उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शात बनू हाशिमांचा, म्हणजे पैगंबरांच्या कुळाचा, वाटा ठरवला. बासष्टच्या क्रांतीने जे मोडले होते ते असे परत दारात आले. आणि त्याच वर्षी त्यांनी मुहम्मशीनांसाठी नवे नाव काढले : 'अहफाद बिलाल', बिलालचे नातू. हजरत बिलाल हे हबशी गुलाम होते, मुक्त झाले आणि इस्लामचे पहिले बांगी झाले. नाव मोठे आहे, पवित्र आहे. ते वरून दिलेले आहे. या नावाने वस्त्यांत शिधा वाटला गेला आणि या नावाने तरुणांची आघाडीवर भरती झाली. 'हरिजन' हा शब्द आपण का नाकारला हे वर्गात समजावून सांगताना मी आता हे उदाहरण देतो.

साहित्याचा एक उल्लेख करून थांबतो. २००८ साली अली अल्-मुक्री यांची अख्दामांवरील कादंबरी प्रसिद्ध झाली. 'काळी चव, काळा वास' असे तिचे नाव मराठीत सांगता येईल. ताइझच्या महवात ती घडते, आणि पुढच्या वर्षी अरबी कादंबरीच्या मोठ्या पारितोषिकाच्या लांब यादीत ती होती. अल्-मुक्री स्वतः त्या वस्तीचे नव्हेत. कादंबरीतला निवेदकही बाहेरून पळून तेथे आलेला आहे. सहानुभूतीचे लेखन आणि स्वानुभवाचे लेखन हा आपला जुना वाद मी येथे उकरून काढत नाही. पण ऐंशीच्या दशकात डेलोरेस वॉल्टर्स ही कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधिका तिहामातील अब्स या गावी या समाजाचा अभ्यास करायला गेली होती. पुढे तिने येमेनच्या मुर्शिदांवर, म्हणजे घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांवर, एक माहितीपट केला. या कामात खालच्या मानलेल्या घरांतील मुलीही होत्या. बाळंतिणीला तपासायला आलेल्या मुलीला उंबऱ्याबाहेर उभे करून चालत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी हे सगळे पुढच्या दोन शनिवारी सांगितले. त्याने विचारले, "सर, त्या पोरी लिहायला लागल्या का?"